हूटरव्हिलमधला एकटा शहाणा

कोंबड्यांखालची अंडी गोळा करायला लिसाबाई निघतात. एक अंडं उचलावं तर त्यावर लेखकाचं नाव छापलेलं, दुसऱ्यावर निर्मात्याचं. बाई ती नावं मोठ्यानं वाचतात आणि ही कसली अंडी म्हणून चक्रावतात. मालिकेची श्रेयनामावली मालिकेतल्याच पात्राच्या हाती लागते, तीही 1960च्या दशकात, आणि ज्या कार्यक्रमाला समीक्षक गावरान टाइमपास समजत होते त्यात! 'ग्रीन एकर्स' हे त्याचं नाव.

सप्टेंबर 1965 ते एप्रिल 1971 या काळात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर या मालिकेचे 170 भाग झाले. गोष्ट एका ओळीची. न्यूयॉर्कचा बडा वकील ऑलिव्हर डग्लस शेतीच्या वेडानं हूटरव्हिल नावाच्या गावात पडकं शेत घेतो आणि पार्क ॲव्हेन्यूवर जीव असलेल्या बायकोला, म्हणजे आपल्या लिसाबाईंना, ओढत तिथे नेतो. एडी अल्बर्ट आणि बुडापेस्टहून आलेली इव्हा गॅबोर ही जोडी. तो थ्री-पीस सुटात ट्रॅक्टर हाकतो, ती पिसांच्या झग्यात चुलीपुढे उभी राहून 'हॉट्सकेक्स' नावाचा अखाद्य प्रकार थापते.

इथवर ऐकून वाटतं, शहरी माणसाची गावात फजिती. पुढचं ठाऊक आहे. पण ही फजिती वेगळ्याच नियमानं चालते. फोन मिळालाय, पण तार घरापर्यंत पोचलेली नाही. म्हणून फोन खांबाच्या टोकावर, आणि वकीलसाहेब सुटाबुटात खांबावर चढून बोलणार. विजेच्या प्रत्येक उपकरणाला एक आकडा दिलेला, आणि एका वेळी चालू असलेल्यांची बेरीज सातापुढे गेली की जनित्र बसलंच. झोपायची खोली बांधणारे 'मनरो ब्रदर्स' खोली कधी पुरी करत नाहीत, आणि त्या दोन ब्रदर्सपैकी एक बाई आहे! सुतार बाई असल्याचं कळलं तर काम कोण देणार, म्हणून पाटी तशी.

शेजारी फ्रेड झिफेल आणि त्याची बायको डोरिस यांचा लाडका म्हणजे अर्नोल्ड. तो टीव्ही पाहतो, चित्रं काढतो, एका भागात त्याला सैन्यभरतीचा हुकूम येतो. अर्नोल्ड डुक्कर आहे. त्याची हुंकारांची भाषा सगळ्या गावाला कळते. अर्थ विचारत बसतो तो फक्त ऑलिव्हर.

जादूची खरी कळ इथे आहे. एरवी विनोदी मालिकेत एक वेडा आणि भोवती शहाणे असतात. इथे गावभर एकच तर्क चालतो, तो आतून पक्का आहे, आणि 'अहो पण हे कसं शक्य आहे?' असं विचारणारा एकटाच. जग त्याचं ऐकत नाही, म्हणून शहाणाच वेडा दिसू लागतो. त्याहून गंमत म्हणजे गावावर ज्याचं मनापासून प्रेम आहे तोच गावात कधी मुरत नाही. आणि येताना कुरकुरणारी लिसा बघता बघता हूटरव्हिलची होऊन जाते, कारण तिचाही तर्क तसलाच! ऑलिव्हर मातीच्या थोरवीवर भाषण ठोकू लागला की मागे देशभक्तीची बासरी वाजते. बाकीचे ती ऐकून आवाज कुठून येतोय ते शोधतात. भाषण मात्र कुणी ऐकत नाही. शेतीचं कौतुक करणारा शहरी वक्ता आणि त्याच्यापुढे जांभया देणारे शेतकरी, हे चित्र आपल्या तालुक्यांतही काही नवं नाही.

खोडी किती खोलवर जाते पाहा. हूटरव्हिलचे लोक एकदा 'द बेव्हर्ली हिलबिलीज' या त्याच वाहिनीवरच्या मालिकेचं नाटक बसवतात. पुढे त्याच मालिकेतलं कुटुंब खरोखर हूटरव्हिलला पाहुणं म्हणून येतं! म्हणजे ते लोक खरे की टीव्हीतले? गावात कुणाला हा प्रश्न पडत नाही.

1971मध्ये सीबीएसनं आपल्या जवळजवळ सगळ्याच गावाकडच्या मालिका एकदम गुंडाळल्या. प्रेक्षक होते, पण जाहिरातदारांना शहरातले तरुण ग्राहक हवे होते. मिस्टर हेनी या लबाड विक्रेत्याचं काम करणारा पॅट बट्रम त्यावर म्हणायचा की ज्यात एखादं झाड होतं ते सगळं त्यांनी बंद केलं. अमेरिकन टीव्हीच्या इतिहासात या प्रकाराला 'रूरल पर्ज' म्हणतात. माझ्या मते त्या सफाईत 'ग्रीन एकर्स'चा बळी चुकून गेला. ती गावाकडची मालिका कमी आणि तर्काची उलटी बाराखडी जास्त होती.

एडी अल्बर्ट मात्र पडद्याबाहेरही ऑलिव्हरसारखाच निघाला. लॉस एंजेलिसमधल्या घरापुढे हिरवळीच्या जागी त्यानं मका लावला आणि डीडीटीविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. 2005मध्ये, वयाच्या 99व्या वर्षी तो गेला.

पहिल्यांदा पाहणार असाल तर पहिला भाग जरूर पाहा; तो चक्क खोट्या माहितीपटासारखा आहे आणि त्यात जॉन डेली हा खरा वृत्तनिवेदक आहे. मग थेट दुसऱ्या हंगामावर उडी मारा. वेडेपणा तिथे पुरता पिकलेला आहे.