लोखंडी क्रूसाची पारख

परवा एका स्नेह्यांनी नव्याने घेतलेले १९१४ सालचे जर्मन ‘आयर्न क्रॉस’, द्वितीय श्रेणी, पारखण्यासाठी माझ्या हाती दिले; त्या निमित्ताने हे चार शब्द.

नेपोलियनविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या प्रारंभी, मार्च १८१३ मध्ये, प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने हे पदक स्थापिले. आणि ज्या काळी सन्मानचिन्हे कुळ व हुद्दा पाहून बहाल होत, त्या काळी साध्या शिपायालाही ते मिळू शके, यातच त्याची थोरवी आहे.

पुढे १८७०, १९१४ व १९३९ या युद्धवर्षांत त्याचे पुनरुज्जीवन झाले.

१९१४ च्या पदकाच्या एका बाजूस मुकुट, ‘डब्ल्यू’ हे अक्षर व साल, तर दुसऱ्या बाजूस ओकची पाने, संस्थापक राजाची आद्याक्षरे व १८१३ हा अंक आढळतो.

काळ्या रंगाचा लोखंडी गाभा रुपेरी चौकटीच्या दोन भागांत बसवून कडा डाखाने जोडलेल्या असल्यामुळे, भिंगातून तो सांधा दिसतो की सारे पदक एकसंध ओतलेले आहे, हे प्रथम पाहावे.

लोहचुंबक साह्य करतो; परंतु नकलाही लोखंडाच्या असतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

आणि कृपया पदक घासून चकचकीत करू नका. मूळ रंग व काळाची छटा हाच त्याचा खरा दस्तऐवज होय.

शंका असल्यास अवश्य विचाराव्यात.