वेदनाच जाणवली नाही तर?

दुखणे कोणालाच नको असते. तरीही वेदना ही शरीराची राखणदार आहे, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. काही थोड्या बालकांना जन्मतःच वेदना जाणवत नाही आणि घामही येत नाही. असे का होते, ते पाहू.

गर्भात मज्जापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्यांतील कोणत्या जगणार, हे ठरविणारे एक प्रथिन रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत शोधून काढले. त्याआधी, महायुद्धाच्या काळात, ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद झालेल्या रिटाबाईंनी इटलीत राहत्या घरी कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग केले होते. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन त्वचेसारख्या भागांत तयार होते. ते ओळखणारे 'ट्रॅक-ए' नावाचे रिसेप्टर, म्हणजेच ग्राहक, मज्जापेशीच्या आवरणावर असतात. ग्राहकाचा बाहेरचा भाग प्रथिन पकडतो, मधला आवरणातून आरपार जातो आणि आतला निरोप पोचवितो. प्रथिन दोन सारख्या भागांचे असल्याने ते दोन ग्राहकांना एकत्र आणते. मग त्यांचे आतले भाग एकमेकांवर फॉस्फेट बसवितात आणि 'जग, वाढ' हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. निरोप मिळाला नाही, तर पेशी मरते.

१९९६ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की या बालकांत ट्रॅक-एच्या जनुकातच दोष असतो. त्यामुळे वेदनेच्या मज्जापेशी टिकत नाहीत आणि घामग्रंथींना मज्जातंतू मिळत नाहीत. स्पर्श मात्र कळतो.

असे मूल दात आल्यावर जीभ, बोटे चावते. हाड मोडले तरी रडत नाही. घाम नसल्याने उन्हाळ्यात ताप चढतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. या रोगावर अजून इलाज नाही. जपणूक हाच उपाय. रोज हात, पाय, तोंड, डोळे तपासावेत. आंघोळीचे पाणी आधी आपण हात घालून पाहावे. उन्हात नेऊ नये, अंग ओल्या फडक्याने पुसावे.

दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला, तरच रोग होतो. असे दांपत्य असल्यास प्रत्येक गरोदरपणी चारांत एक इतकी शक्यता असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. नात्यातील लग्नात हा धोका वाढतो. घरात असे मूल असेल, तर पुढच्या अपत्याआधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा.