अनोळखी सर्व्हिस : बंद करावी की राहू द्यावी?

संगणक संथ झाला की हौशी वापरकर्ता 'टास्क मॅनेजर' उघडतो आणि तेथील लांबलचक यादी पाहून बुचकळ्यात पडतो. 'एसव्हीसीहोस्ट' हे एकच नाव अनेकदा दिसते. हा व्हायरस तर नव्हे, अशी शंका येते आणि ओळखीचे नाही ते बंद करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

विंडोजच्या अनेक सर्व्हिसेस स्वतःहून चालू शकत नाहीत. त्यांना एक यजमान प्रोग्राम लागतो. तोच हा एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एका यजमानाच्या पंक्तीला अनेक सर्व्हिसेस बसत. २०१७ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकावर बहुतेकींचे पान वेगळे मांडले जाऊ लागले. एक कोलमडली तर शेजारच्या टिकाव्यात, हा हेतू. यादी लांबली ती त्यामुळे.

नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा. 'ओपन फाइल लोकेशन' निवडल्यावर ही फाइल सहसा विंडोज फोल्डरमधील 'सिस्टम३२' मध्ये आढळावी. ती डाउनलोड्स वा टेम्पमध्ये असेल किंवा स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल, तर प्रश्न सर्व्हिस बंद करण्याचा उरत नाही. अँटिव्हायरसने तपासणी करावी लागते.

नावावरून निष्कर्ष काढणे किती फसवे, हे 'रिमोट प्रोसीजर कॉल' दाखवते. 'रिमोट' म्हणजे कोणी दुरून संगणकात शिरणार, असा समज सहज होतो. त्यातच ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' वर्म याच सर्व्हिसमधील त्रुटीतून पसरला आणि एक्सपीचे संगणक मिनिटभराची सूचना देऊन पुनःपुन्हा बंद होऊ लागले. तरीही उपाय सर्व्हिस बंद करणे हा नव्हता. विंडोजचे असंख्य भाग तिच्यावर विसंबून असतात. त्रुटी बुजविणारा पॅच जुलैमध्येच निघाला होता. अनेकांनी तो घेतला नव्हता, इतकेच. आजच्या विंडोजमध्ये तर ती बंद करण्याचा पर्यायच मिळत नाही.

'प्रिंट स्पूलर'ची गोष्ट उलट आहे. जुलै २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' ही त्रुटी उघड झाली, तेव्हा पॅच येईपर्यंत ही सर्व्हिस बंद ठेवण्याचा मार्ग खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सुचविला. ज्या घरात प्रिंटर नाही, तिथे तिचे फारसे अडत नाही. मात्र 'प्रिंट टू पीडीएफ'ही तिच्यावरच चालते. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात आले तर पंचाईत.

म्हणून 'सर्व्हिसेस' खिडकीत त्या नावावर डबल क्लिक करून आधी वर्णन वाचावे आणि 'डिपेंडन्सीज' पाहावे. खालच्या चौकटीत तिच्यावर अवलंबून असलेल्यांची नावे असतात. ती बरीच असतील तर हात लावू नये. नवख्याने सुरुवात करायचीच तर 'एमएसकॉन्फिग'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून करावी. उरतात त्या बाहेरच्या कंपन्यांच्या. कधीच काढून टाकलेल्या प्रिंटरचा अपडेटर हमखास तिथेच ठाण मांडून असतो. अँटिव्हायरस आणि ड्रायव्हर वगळून बाकीच्यांबाबत थोडे धाडस चालते.

'डिसेबल्ड' करण्याआधी 'मॅन्युअल' करून पाहावे. गरज भासल्यास विंडोज ती सर्व्हिस सुरू करू शकते. एका वेळी एकच बदल करावा, मूळ सेटिंग कागदावर लिहून ठेवावे, संगणक रीस्टार्ट करून दोन दिवस नेहमीची कामे करून पाहावीत. कागद अशासाठी, की संगणकच सुरू झाला नाही तर त्यातली नोंद वाचणार कशी?