वाहनाच्या निलंबन-रचनेतील संदर्भबिंदू

'निलंबन' हा शब्द आपणांस शासकीय आदेशांतून परिचित आहे. मोटारविद्येत मात्र चाक व चासी यांस जोडणाऱ्या दांड्या, सांधे व स्प्रिंगा यांच्या समुच्चयास ही संज्ञा देतात. (कारागीर त्यास सस्पेन्शनच म्हणतो, व त्यात काही बिघडत नाही.) भाषाभ्यासकाने येथे लक्ष घालण्याचे कारण असे की, या शास्त्रात 'बिंदू' ह्या शब्दाचा निर्देश बहुधा हाती लागणाऱ्या वस्तूकडे नसतो.

वर एक व खाली एक असे दोन विशबोन असलेली रचना घेऊ. त्यांची बाहेरील टोके बॉल-जॉइंटने चाकाच्या बाजूस व आतील टोके बुशांनी चासीस जोडलेली असतात. मोजावयाचा बिंदू म्हणजे जॉइंटमधील गोलाचे केंद्र. तेथे उपकरण पोहोचत नाही. गोल उघडा करता आला, तर त्याच्या पृष्ठावरील, एका प्रतलात नसलेले, किमान चार बिंदू मोजून केंद्र गणिताने काढावे लागते.

ह्या बिंदूंवरून आणखी एक बिंदू निघतो, तो तर सर्वस्वी काल्पनिक. समोरून पाहता दोन्ही विशबोनांच्या रेषा वाढविल्या म्हणजे जेथे मिळतात, ते क्षणिक केंद्र होय. वळणावर गाडी किती कलेल याचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. समजा, रेषांतील उभे अंतर बाहेर २०० मिलिमीटर आहे व ३०० मिलिमीटर आत गेल्यावर १८० आहे. तर त्या बाहेरील सांध्यांपासून ३,००० मिलिमीटरांवर मिळतील. आतील अंतर मोजताना केवळ ५ मिलिमीटरांची चूक होऊन ते १८५ धरले गेले, तर तेच केंद्र ४,००० वर जाते. १७५ धरल्यास २,४०० वर येते. रेषा जवळजवळ समांतर असल्याचा हा परिणाम.

मोजावयाचे कोठून, हा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवा व गाडीवरील भार बदलताच आकडे बदलतात. म्हणून चासीवरील पक्क्या खुणा आधार धराव्यात व मोजणीच्या वेळची गाडीची उंची सोबत नोंदवावी, हे मला अधिक ग्राह्य वाटते.

दिशांची गोष्ट तर आमच्या शास्त्राच्या अगदी जवळची. आयएसओ ८८५५ ह्या मानकात क्ष-अक्ष पुढे, य-अक्ष डावीकडे व झ-अक्ष वर. अमेरिकेतील जुन्या एसएई प्रथेत क्ष पुढेच, पण य उजवीकडे व झ खाली. एकाच बिंदूचे (१२०, ५४०, २६०) हे निर्देशक दुसऱ्या प्रथेत (१२०, −५४०, −२६०) होतात. झचे चिन्ह चुकल्यास सांधा जमिनीखाली गेलेला दिसतो व चूक तत्काळ उमगते. यचे चिन्ह चुकल्यास मात्र डावीकडचा सांधा उजवीकडे जातो, आणि गाडी दोन्ही अंगांनी सारखीच असल्याने कोणास शंकाही येत नाही.