सुरा नको, क्लिप पुरे

‘स्क्रीम’ 1996च्या डिसेंबरात अमेरिकेत लागला, तेव्हा त्यातल्या खुन्याची हत्यारं दोनच होती: सुरा आणि टेलिफोन. घरात एकटी पोरगी, पलीकडून गोड आवाजात चौकशी, आणि मग लक्षात येतं की बोलणारा दाराबाहेरच उभा आहे. वर्षभरात ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ही आला. हिंदीवाल्यांनी दोन्हींची उसनवारी 2003मध्येच उरकून टाकली, ‘कुछ तो है’ आणि ‘श्श्श...’मध्ये. कॉलेजची पोरं, पाठलाग, मध्येच गाणी. घाबरलं कोणीच नाही. इथल्या पोरींना ज्याची धास्ती होती, ते पडद्यावर नव्हतंच.

2004मध्ये ते चव्हाट्यावर आलं. दिल्लीतल्या शाळकरी मुलामुलीची मोबाइलवर काढलेली क्लिप एका लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीला आली, संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली, आणि फोनला कॅमेरा हवाच कशाला, असं आईबाप विचारू लागले.

आमची धायरी तेव्हा ग्रामपंचायतीत होती. महापालिकेत गेली ती 2017 साली. फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गाणी भरून मिळत. दुकानदार मेमरी कार्ड संगणकाला लावी, गाण्यांचा फोल्डर उचलून टाकी. एखाद्या पोराने नुसती मान हलवली की आणखी एक फोल्डर त्यात जाई, नाव नसलेला. त्यात कोणाच्या घरची मुलगी आहे, हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. सिंहगड रस्त्यावर कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली कपड्यांच्या दुकानात कपडे बदलायच्या खोलीत आधी आरशावर बोट टेकवून, मागे कॅमेरा तर नाही ना, हे बघत, मग कडी लावत.

ही भीती दिबाकर बॅनर्जींनी नेमकी हेरली. ‘लव्ह सेक्स और धोखा’ (मार्च 2010) मध्ये दुकानातला सुपरवायझर सोबत काम करणाऱ्या मुलीशी प्रेमाचं नाटक करतो, कारण वर सीसीटीव्ही चालू आहे आणि त्या चित्रणाला गिऱ्हाईक आहे. तो सुपरवायझर राजकुमार राव. पुढच्या वर्षी, 13 मे 2011ला, ‘रागिनी एमएमएस’ लागला. दिग्दर्शक पवन कृपलानी, निर्मितीत एकता कपूर, म्हणजे ‘कुछ तो है’चंच घर. आणि मैत्रिणीला छुपे कॅमेरे असलेल्या मुंबईबाहेरच्या बंगल्यात नेणारा पुन्हा राजकुमार रावच! योगायोग असेल, पण पहिल्या चित्रपटात सुटलेला माणूस दुसऱ्यात भुताच्या तावडीत सापडला, असं मी तरी समजतो.

वळण ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चं, हे उघड आहे. पण त्या बंगल्यातलं भूत मराठी बोलतं. पलंगाला बेडीने जखडलेली रागिनी, चारी बाजूंनी कॅमेरे, आणि अंधारातून एक बाई परत परत सांगते की ती चेटकीण नाही, तिने पोरांना मारलेलं नाही. मराठी प्रेक्षकाला तिथे उपशीर्षक लागत नाही, म्हणून तो हिंदी प्रेक्षकाच्या आधी दचकतो. लोकांनी नाव ठेवून संपवलेली ही बाई, आणि क्लिप बाहेर पडली तर जिला लोक नाव ठेवणार आहेत ती रागिनी. दोघींना एका खोलीत आणणं ही या स्वस्तातल्या चित्रपटाची खरी करामत होती, मग ती ठरवून साधली असो वा अनवधानाने. चेटकाच्या नावाखाली माणसाला छळणं राज्यात स्वतंत्र कायद्याने गुन्हा ठरलं 2013च्या अखेरीस, तेही त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर.

हॉलिवूड या ठिकाणी जरा उशिरानेच पोचलं. ‘अनफ्रेंडेड’ 2014चा: वर्गातल्या मुलीचा लाजिरवाणा व्हिडिओ पसरतो, ती जीव देते, आणि वर्षाने स्काइपवर येऊन दोस्तांना एकेक करून संपवते. सगळा चित्रपट लॅपटॉपच्या पडद्यावर. त्याच साली आपल्याकडे ‘रागिनी एमएमएस 2’ आला, सनी लिओनीला पोस्टरवर घेऊन. ज्या चोरट्या नजरेची पहिल्या भागाने भीती घातली होती, तिलाच आता तिकीट विकायचं होतं.