संशय आणि पुरावा

शहापूर-मुरबाडकडे तरणी सून विहिरीत सापडली की माहेरचे म्हणतात, मारली. सासरचे म्हणतात, पाय घसरला. पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते आणि पुष्कळांना तोच निकाल वाटतो. तो निकाल नव्हे. ती चौकशीची सुरुवात होय.

पुण्याची नवविवाहिता मंजुश्री सारडा जून १९८२ मध्ये विषाने गेली. सत्र न्यायालयाने पतीस फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले. नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवून लोकांपुढे प्रश्न ठेवला. न्यायालयाचे म्हणणे असे की, विष पतीच्या हाती होते हे सिद्ध झाले नाही, आत्महत्येची शक्यताही उरते. आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

हे बोचते; पण उद्या निरपराध मजूर पिंजऱ्यात उभा राहिला, तर हेच तत्त्व त्याला तारील. म्हणून आम्ही सांगतो, पुरावा पहिल्याच दिवशी जपावा. १९८३ च्या दुरुस्तीपासून, लग्नाला सात वर्षे झाली नसतील आणि नातेवाइकांनी मागणी केली, तर पोलिसांनी प्रेत शवविच्छेदनास पाठविलेच पाहिजे. मोर्चा उद्या निघेल; अर्ज आजच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.