पुनर्भरण : शब्दाचा अर्थ आणि विहिरीचा हिशेब

पावसाळा जवळ आला म्हणजे ग्रामसभेत व कृषी कार्यालयाच्या बैठकीत 'पुनर्भरण' हा शब्द वारंवार कानी पडतो. बोलण्यात त्यालाच 'विहीर रिचार्ज करणे' म्हणतात. मोबाईलमुळे हा इंग्रजी शब्द घरोघरी पोहोचला आहे. शब्द रुळला खरा. तथापि त्याचा अर्थ मात्र सैल झाला. शेततळे खोदले, बंधारा घातला की त्यास सरसकट पुनर्भरण म्हटले जाते. ही गफलत केवळ भाषेची नाही. पुनर्भरण झाले अशा समजुतीने गहू पेरावा आणि ऐन दाणे भरण्याच्या वेळी विहीर आटावी, अशी तिची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते.

शब्दाचा अर्थ

'पुनर्' म्हणजे पुन्हा. 'भरण' हा शब्द संस्कृत 'भृ' धातूपासून आला असून धारण करणे, पोसणे असा त्या धातूचा अर्थ आहे. 'भरणपोषण' या जोडशब्दात तो आजही जिवंत आहे. भूजलाच्या संदर्भात, उपसलेल्या पाण्याच्या जागी भूगर्भात नवे पाणी पोहोचविणे म्हणजे पुनर्भरण होय. जमिनीवर धरून ठेवलेले पाणी ही साठवण. मातीत शिरून पिकाच्या मुळांशी राहिलेले पाणी ही ओल. त्याखाली मुरमाच्या व फुटक्या खडकाच्या थरापर्यंत उतरलेले पाणी, तेवढेच पुनर्भरण. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे ही साठवण आहे. ते विहिरीच्या पाण्याने भरले तर तो उलट उपसाच होय.

घाटावर व घाटाखाली

बुलडाणा जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांत काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात पाणी फक्त भेगांत व झिजलेल्या थरांत राहते. ही जागा थोडी असल्याने विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि उपसा वाढताच लवकर उतरतात. अशा ठिकाणी पुनर्भरणाचा लाभ चांगला मिळतो. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात स्थिती निराळी आहे. तेथील भारी चिकण मातीतून पाणी सावकाश झिरपते व खालचे पाणी खारट असते. तेथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून संरक्षित ओलीत करणे अधिक हिताचे ठरते.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टर शेतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्याचा पाचवा भाग वाहून गेला तरी ते 50 हजार लिटर होते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी सुमारे 28 हजार लिटर भरते. म्हणजे एका पावसात बांधाबाहेर गेलेले पाणी अशा विहिरीत पावणेदोन मीटर चढले असते.

पुनर्भरणाची रीत

हे पाणी थेट विहिरीत सोडू नये. गाळाने झरे बुजतात. प्रथम एका खड्ड्यात गाळ बसू द्यावा. नंतर विहिरीपासून दोन-तीन मीटरवरील दुसऱ्या खड्ड्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी व सर्वांत वर जाड वाळू भरून तेथे पाणी गाळावे आणि तळाच्या नळीने विहिरीत न्यावे. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून द्यावे. वरची वाळू दरवर्षी धुवावी अथवा बदलावी. पिण्याच्या विहिरीत शेतातील पाणी मुळीच सोडू नये. त्यात खते व औषधे उतरलेली असतात.

तलावांचा गाळ काढणे हेही याच कामास साहाय्यक आहे. महामार्गाच्या भरावासाठी तलाव व नाल्यांतील माती उचलण्याचे काम 'बुलडाणा पॅटर्न' या नावाने ओळखले गेले. 2017 मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही सुरू झाली. तळाचा चिकट गाळ निघाल्याने साठा वाढतो व पाणी झिरपण्यास वाट मिळते.

एकट्याचे काम नव्हे

विहिरीत सोडलेले पाणी बांध ओळखत नाही. एकाने भरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जाते आणि एकाच्या अति उपशाने सर्वांची पातळी खालावते. यास्तव भरण आणि उपसा, दोहोंचा हिशेब गावाने एकत्र बसून करणे इष्ट होय. पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्याची खोली दोरीने मोजून लिहून ठेवावी आणि ते आकडे पाहूनच गव्हाचा पेरा किती व हरभऱ्याचा किती, हे ठरवावे.